जमिनीतील विमाने आणि दप्तरातील कागद

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकविला. आणि जे सांगावयाचे ते साधार सांगावे, आधार नसेल तेथे मौन पाळावे, हा नियम त्यांनी आपल्या मनावर कायमचा ठसविला, असे त्यांचे विद्यार्थी आजही आदराने सांगतात. त्या नियमाची थोरवी ज्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळते असा एक विषय आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे. दुसऱ्या महायुद्धात बर्फाखाली, चिखलाखाली, पाण्याखाली आणि अरण्यात गडप झालेली विमाने शोधून काढण्याचे, आणि शक्य तेथे ती वर आणण्याचे, जे उद्योग गेल्या चार-पाच दशकांत निरनिराळ्या देशांत झाले, त्यांचा हा विषय आहे. वरवर पाहता तो यंत्रज्ञांचा किंवा हौशी धनिकांचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले असता तो अस्सल इतिहाससंशोधनाचाच विषय आहे असे दिसून येते. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे की, ह्या शोधांत ज्यांना यश आले त्यांनी कागद, साक्ष आणि उपकरण ह्या तिहींची रुजवात घालूनच जमिनीत कुदळ घातली होती. आणि जेथे ह्या तिहींपैकी एकावरच भिस्त ठेवली गेली, तेथे श्रद्धा, श्रम आणि द्रव्य ही तिन्ही खर्ची पडूनही हाती काही लागले नाही.

पहिले उदाहरण ग्रीनलंडचे घेऊ. १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने आपले हवाई बळ इंग्लंडात नेण्याची जी मोहीम हाती घेतली होती, तीतील विमाने ग्रीनलंड आणि आइसलंड येथील तळांवर मुक्काम करीत अटलांटिक महासागर ओलांडीत असत. १५ जुलै १९४२ रोजी पी-३८ लाइटनिंग जातीची सहा लढाऊ विमाने आणि बी-१७ जातीची दोन बाँबफेकी विमाने ग्रीनलंडहून आइसलंडच्या वाटेवर असता हवा इतकी बिघडली की तांड्यास माघारी फिरावे लागले. आणि परतीच्या वाटेवर इंधन सरत आल्यामुळे ग्रीनलंडच्या हिमाच्छादित पठारावरच आठही विमाने उतरविणे वैमानिकांना भाग पडले. पहिल्याने चाके खाली सोडून उतरण्याचा प्रयत्न केला तेव्हा पुढचे चाक बर्फात मोडून विमान उलटले. ते पाहून मागच्यांनी चाके पोटात मिटूनच आपली विमाने बर्फावर घसरविली. पंचवीसच्या पंचवीस माणसे जिवंत राहिली, त्यांना विमानांतून अन्नसामग्री टाकण्यात आली, आणि काही दिवसांनी कुत्र्यांची गाडी घेऊन आलेल्या पथकाने त्यांना सुखरूप किनाऱ्यास पोचविले. विमाने मात्र जेथल्या तेथे राहिली आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे हिमवर्षाव होत गेला.

पुढे १९८१ च्या सुमारास पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर ह्या अटलांटा येथील दोघा मित्रांनी त्या विमानांचा ध्यास घेतला. त्यांची प्रथम समजूत अशी होती की, विमानांच्या शेपट्या बर्फाबाहेर डोकावत असतील, फावड्यांनी बर्फ बाजूला सारावे, इंधन भरावे आणि विमाने उडवून घरी न्यावीत. प्रत्यक्षात तेथे गेल्यावर शुभ्र सपाटीवाचून त्यांना काहीच दिसले नाही. एकामागून एक मोहिमा रिकाम्या हातांनी परतल्या. शेवटी १९८८ साली, हिमनद्यांची जाडी मोजण्यासाठी आइसलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या रडारयंत्राच्या साहाय्याने ती विमाने सापडली, आणि ती अडीचशे फुटांहूनही खोल गेली आहेत असे निष्पन्न झाले. पन्नास वर्षांत एवढे बर्फ साचावयाचे म्हणजे दरसाल पाच फुटांहून अधिक थर बसला पाहिजे, असा ह्याचा हिशेब होतो. शिवाय हिमनदी आपल्या मंद गतीने समुद्राकडे सरकत असल्यामुळे विमाने मूळ जागेपासून जवळजवळ मैलभर तरी ढळली होती. म्हणजे १९४२ सालच्या नोंदीतील जागा तंतोतंत खरी असूनही ती १९८८ साली जशीच्या तशी उपयोगी पडणारी नव्हती. अस्सल कागदसुद्धा निसर्गाच्या गतीशी ताडून वाचावा लागतो, हा धडा ह्यात आहे.

प्रथम १९९० साली शोधपथक एका बी-१७ विमानापर्यंत पोचले. परंतु त्याचे विस्तीर्ण, पोकळ धड बर्फाच्या भाराने चिरडून गेले होते, आणि ते वर आणण्यात अर्थ उरला नव्हता. येथे खचून न जाता, लढाऊ विमान बांध्याने आटोपशीर आणि मजबूत असल्यामुळे ते टिकले असण्याचा संभव अधिक आहे, असा तर्क त्यांनी केला आणि १९९२ साली हॅरी स्मिथ ह्या वैमानिकाने उतरविलेल्या पी-३८ विमानाकडे मोर्चा वळविला. त्या विमानावर २६८ फूट बर्फ होते. त्यातून खाली जाण्यासाठी जे यंत्र वापरले ते वर्णन करून सांगण्यासारखे आहे. सुमारे माणसाच्या उंचीचा, खालच्या बाजूस निमुळता होत गेलेला एक शंकू. त्याला बाहेरून तांब्याची नळी वेटोळे घालून गुंडाळलेली. आणि त्या नळीतून कढत पाणी अखंड खेळविलेले. हा शंकू साखळीला टांगून बर्फावर टेकवावयाचा, म्हणजे त्याच्या उष्णतेने बर्फ वितळून तो आपल्या भारानेच खाली उतरू लागे, आणि वितळलेले पाणी पंपाने उपसून बाहेर टाकीत. ताशी दोन फूट ह्या वेगाने, आपल्याकडील आडाहूनही अरुंद असे चार फूट रुंदीचे विवर ह्या रीतीने तयार झाले. तळाशी पोचल्यावर माणसे दोराने खाली उतरली, आणि कढत पाण्याच्या झोतांनी विमानाभोवतीचे बर्फ वितळवीत त्यांनी तेथे एक गुहाच निर्माण केली. डोक्यावर २६८ फूट बर्फ, सभोवार ठिबकणाऱ्या भिंती, आणि मधोमध पन्नास वर्षांपूर्वी एक तरुण ज्यातून बाहेर पडला होता ते विमान, अशा त्या जागी आठवडेच्या आठवडे काम करून त्यांनी विमानाचे भाग सुटे केले आणि एकेक करून विवरातून वर चढविले. सर्वांत जड असा मधला भाग सुमारे तीन टनांचा होता. पुढे केंटकी संस्थानातील मिडल्सबरो येथे रॉय शॉफ्नर ह्या गृहस्थांच्या द्रव्यबळावर दहा वर्षे त्याची दुरुस्ती चालली, आणि २६ ऑक्टोबर २००२ रोजी 'ग्लेशियर गर्ल' ह्या नावाने ते विमान पुन्हा आकाशात उडाले. त्याच तांड्यातील दुसऱ्या एका पी-३८ विमानाचा ठाव २०१८ साली, वैमानिकरहित ड्रोनला रडार टांगून, तीनशे फुटांहून अधिक खोलीवर लागला.

ह्या यशाची कारणे पाहू लागलो तर ती साधी दिसतात. विमाने कोणत्या दिवशी, किती आणि कोठे उतरली ह्याची लष्करी दप्तरात नोंद होती. ती उतरविणारी माणसे जिवंत होती आणि त्यांच्या साक्षी त्या नोंदीशी जुळत होत्या. तिसरे कारण पदार्थविज्ञानाचे. रडारयंत्र जमिनीत किंवा बर्फात लघुलहरी सोडते, आणि वाटेत भिन्न गुणधर्माचा पदार्थ लागला म्हणजे त्यावरून परतणारा प्रतिध्वनी टिपते. थंड, शुद्ध बर्फ ह्या लहरींना फारसा अटकाव करीत नाही. म्हणून शेकडो फूट खोल असलेली धातूची वस्तूही त्यातून कळून येते. ओल्या चिकणमातीत मात्र त्याच लहरी थोड्याच अंतरात जिरून जातात. जुन्या विमानतळाखाली तर तारा, नळ, लोखंडी पत्रे आणि भंगार ह्यांची इतकी गर्दी असते की, यंत्राने काहीतरी दाखविले एवढ्यावरून काय दाखविले हे सांगता येत नाही.

आता ह्याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. ते आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशातील आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि मे १९४५ मध्ये ते इंग्रजांनी परत जिंकले. युद्ध संपताना इंग्रजांनी तेथील मिंगलादोन विमानतळावर कोऱ्या स्पिटफायर विमानांच्या बंद पेट्या जमिनीत पुरून ठेवल्या, अशी वार्ता इंग्लंडातील लिंकनशायरचे शेतकरी डेव्हिड कन्डल ह्यांच्या कानी आली, आणि पुढली सोळा-सतरा वर्षे त्यांनी आपला पैसा आणि श्रम ह्या एका ध्यासापायी वेचले. त्यांनी वृद्ध सैनिकांच्या साक्षी जमविल्या, जमिनीची विद्युत्-मापने करविली, आणि मापनात धातूची चिन्हे उमटल्यावर त्यांची खात्री अधिकच पटली. ह्या कथेने लोकांनाही भुरळ घातली. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून ब्रह्मदेशास गेले असता अध्यक्ष थेन सेन ह्यांच्याशी झालेल्या बोलण्यात हा विषय निघाला, आणि युद्धाचे संगणकीय खेळ तयार करणाऱ्या वॉरगेमिंग ह्या कंपनीने खर्चाचा भार उचलला.

जानेवारी २०१३ मध्ये शोधपथक रंगूनला पोचले. त्यात पुरातत्त्वज्ञ होते, भूभौतिकीचे जाणकार होते आणि दप्तरे चाळणारे अभ्यासकही होते. मिंगलादोन येथे खोदकाम झाले. परंतु विमान निघाले नाही. उत्तरेकडे म्यित्चिना येथे एक पेटी आढळली; तीत कॅमेरा सोडून पाहता गढूळ पाण्यापलीकडे काही दिसले नाही. दरम्यान विलायतेतील सरकारी दप्तरांत जो शोध चालला होता त्यातून निर्णायक कागद पुढे आले. रंगून बंदरात उतरणाऱ्या हवाई दलाच्या मालाची व्यवस्था पाहणाऱ्या एक्केचाळिसाव्या तुकडीच्या नोंदींप्रमाणे १९४५-४६ ह्या काळात तीन जहाजांतून मिळून अवघी ३७ विमाने तेथे उतरली होती. त्यांपैकी एकही पेटीबंद स्पिटफायर नव्हते, आणि बहुतेक विमाने १९४६ च्या शरदात पुन्हा बाहेर रवाना झाल्याचे दिसत होते. जी विमाने आलीच नाहीत ती पुरली कशी जाणार? फेब्रुवारी २०१३ मध्ये पथकाने आपला निष्कर्ष जाहीर केला की, पुरलेली स्पिटफायर विमाने ही दंतकथा आहे. कन्डल ह्यांना तो मान्य झाला नाही.

ह्या साक्षीदारांना कोणी लबाड म्हणू नये, अशी माझी विनंती आहे. त्यांनी तरुणपणी पेट्या पाहिल्या असतील, खड्डे पाहिले असतील, निरुपयोगी सामान गाडले जाताना पाहिले असेल. लष्करी तळ मोडताना असे नित्य घडते. साठ-सत्तर वर्षांत पेटीची आठवण आणि विमानाची आठवण एकमेकींत मिसळल्या असतील तर तो मनुष्यस्वभाव आहे. दोष कोठे असेल तर तो क्रमात आहे. बंदरावरील आवकजावक आधी तपासून मग साक्षी घ्यावयास हव्या होत्या. त्याऐवजी साक्षींवर विश्वास बसला, विश्वासावर मापनांचा अर्थ लावला गेला, आणि दप्तर सर्वांत शेवटी उघडले गेले. ज्याला विमान दिसावे अशी तीव्र इच्छा आहे त्याला यंत्रातील प्रत्येक रेघ विमानाचीच वाटते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. वाई येथे मिळालेले कागद छापून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला, आणि त्याच्या प्रस्तावनेत पानिपतापर्यंतच्या दशकातील घटनांविषयी बखरींचे म्हणणे अस्सल पत्रांशी ताडून त्यांचे दोष दाखविले. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही ह्याच निष्ठेतून. बखरकार मुद्दाम खोटे लिहीत होता असे राजवाड्यांच्या परंपरेने मानले नाही. बखर ही मागाहून रचलेली आठवण आहे, आणि त्याच दिवशी त्याच कामापुरता लिहिलेला कागद तिच्याहून अधिक प्रमाण आहे, एवढेच त्या परंपरेचे सांगणे होते. मिंगलादोनच्या कथेला ही कसोटी आरंभीच लावली असती तर बंदराची नोंदवही हेच पहिले साधन ठरले असते.

विमाने नकोशी झाली म्हणजे युद्धोत्तर काळात त्यांचे काय होई, ह्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. अमेरिकेने उसनवारीच्या कराराने दिलेली लिबरेटर जातीची प्रचंड बाँबफेकी विमाने ब्रिटिश हवाई दलाने युद्धानंतर कानपूरजवळ चकेरी येथे गोळा केली, आणि ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून ती उघड्या माळावर टाकून दिली. त्या भंगारातून सुटे भाग जुळवून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती उभी केली, आणि त्या कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी ह्यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवीत नेली. अशी चाळीसएक विमाने सेवेत आली. १९४८ साली त्यांवर पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली, आणि १९५१ पासून आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावर सहाव्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली. १९६८ साली ती निवृत्त झाली तेव्हा जगात ह्या जातीची विमाने जवळजवळ नामशेष झालेली होती. म्हणून आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका येथील संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उभी आहेत त्यांतील कित्येक भारताने जपलेली आहेत. ज्या विमानांचा शोध घेण्यासाठी परक्या भूमी खणल्या जातात, तसलीच विमाने आपल्या कारागिरांनी मातीत जाण्याआधीच वाचविली, ही गोष्ट आपल्या शाळांतून शिकविली जावी इतकी मोलाची आहे.

येथवर मी धातूविषयी बोललो. परंतु बहुसंख्य विमानांबरोबर माणसेही गेली आहेत. ब्रह्मदेशातील रस्ता जपान्यांनी तोडल्यावर १९४२ ते १९४५ ह्या काळात आसामातील दिंजान, चबुआ आदी तळांवरून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधील कुन्मिंगपर्यंत जी हवाई वाहतूक चालली, तिने सुमारे साडेसहा लाख टन सामग्री पोचविली. आणि तिच्यापायी सुमारे सहाशे विमाने व हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांतील अनेक विमाने आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या अरण्यांत आहेत. २५ जानेवारी १९४४ रोजी आठ माणसांसह नाहीसे झालेले 'हॉट ॲज हेल' नावाचे लिबरेटर असेच तेथे पडून होते. ॲरिझोनाचे गिर्यारोहक क्लेटन कूल्स ह्यांनी स्थानिक लोकांनी दाखविलेल्या वाटांनी जाऊन २००६ साली त्याचे अवशेष ओळखले, आणि पुढे दहा वर्षांनी त्या परिसरातून मिळालेले मानवी अवशेष एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून सन्मानपूर्वक अमेरिकेस रवाना झाले. २०२३ साली पासीघाट येथे ह्या हवाई मार्गाचे संग्रहालयही उघडले आहे.

अशा डोंगरावर विमानाची ओळख पटते कशी? अमेरिकी हवाई दल आपले विमान हरपले म्हणजे एक अहवाल तयार करी. त्यात वैमानिकांची नावे, मार्ग, वेळ ह्यांबरोबरच इंजिनांचे आणि मशीनगनांचे क्रमांकही टिपलेले असत. ऐंशी पावसाळे खाल्लेल्या इंजिनावरची पट्टी घासून तीवरील अंक वाचावयाचे आणि ते त्या अहवालातील अंकांशी पडताळावयाचे. अंक जुळले की विमानाचे नाव कळते, नावामागून माणसांची नावे येतात, आणि 'बेपत्ता' ह्या एका शब्दावर आयुष्य काढलेल्या कुटुंबाला शेवटी निश्चित उत्तर मिळते. दोन जीर्ण वस्तूंची, एक डोंगरावरची आणि एक दप्तरातली, ही गाठ ज्या क्षणी पडते तो मी संशोधनातील सर्वांत पवित्र क्षण मानतो.

म्हणूनच ह्या कामाला कायद्याचे बंधन असणे उचित आहे. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने सर्व लष्करी विमानांचे अवशेष संरक्षित ठरविले असून संरक्षण खात्याच्या परवान्यावाचून त्यांस हात लावता येत नाही. नेदरलंड्समध्ये सरकारनेच हे कर्तव्य शिरावर घेतले आहे. १९४३ साली सात माणसांसह पडलेले एक स्टर्लिंग जातीचे बाँबफेकी विमान २०२० साली मार्करमेर सरोवराच्या तळातून सरकारी देखरेखीखाली काढण्यात आले, आणि गाळाचा कण न् कण चाळण्यात आला. ज्या विमानात माणूस आहे ते विमान प्रथम समाधी आहे; आणि त्याची मालकी, किंमत, प्रदर्शन ह्या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

श्रोतेहो, आता आपल्याकडे वळतो. ब्रह्मदेशच्या आणि आसामच्या आघाडीवर मराठा पलटणी लढल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी ह्या जिल्ह्यांतील असंख्य घरांतून त्या युद्धात जवान गेले. त्यांची पगारपुस्तके, रजेचे कागद, छायाचित्रे आणि पत्रे आजही कोणाच्या पेटीत, कोणाच्या माळ्यावर पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही वाळवीच्या मुखी जात आहेत. ते कागद बाहेर काढा. प्रत्येकावर तो कोणाचा, कोठून मिळाला आणि केव्हा, हे लिहून ठेवा. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकीकती सांगणाऱ्याच्या नावानिशी टिपून ठेवा, आणि त्यांत आपल्या पदरची भर घालू नका. नंतर हे सर्व जिल्ह्याच्या ग्रंथालयात, संशोधन मंडळात किंवा पुराभिलेखागारात रीतसर पावती घेऊन दाखल करा. उद्या एखाद्या दूरच्या डोंगरावर कोणाला एक गंजलेला क्रमांक सापडेल, तेव्हा त्याला उत्तर देणारा कागद महाराष्ट्रातील एखाद्या घरातून वेळीच सुरक्षित जागी पोचलेला असावा, एवढीच माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.